यशाची उचल

या वेळचं पत्र लांबलचक होतं, थोडं कापून देते.

"ताई नमस्कार. मी ३१ वर्षांचा, मूळचा कराडकडचा, डिप्लोमा मेकॅनिकल, भोसरीत एका कंपनीत व्हीएमसीवर (धातूचे पार्ट कापणारं कॉम्प्युटरवरचं मशीन) सेटर आहे, हातात २७ हजार येतात. लॉकडाऊनमध्ये मित्राने एक मोटिव्हेशनचं पुस्तक दिलं आणि तेव्हापासून नादच लागला. आजवर ४६ पुस्तकं झाली, बरीचशी फुटपाथवरनं घेतलेली. सकाळी ५ ला उठणं, आरशासमोर उभं राहून 'मी यशस्वी उद्योजक आहे' ११ वेळा म्हणणं, डायरीत गोल लिहिणं, सगळं करून झालं. २१ दिवसांचं चॅलेंज सहा वेळा सुरू केलं, एकदा १७ दिवसांपर्यंत गेलो होतो पण सेकंड शिफ्ट लागली आणि मोडलं. स्वतःचा जॉबवर्कचा, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे पार्ट बनवून द्यायचा, गाळा टाकायचा हे चार वर्षं डायरीत आहे, डायऱ्या बदलल्या वाक्य तेच. धाकटा भाऊ बारावी नापास, जन्मात एक पुस्तक वाचलं नाही, त्याने गावी भाजीपाल्याची रोपवाटिका टाकली आणि आज त्याच्याकडे दोन बायका कामाला आहेत. बायको म्हणते पुस्तकं वाचून कोण मालक झालंय ते एक तरी नाव सांगा. आता पुढच्या महिन्यात हॉटेलात दोन दिवसांचं सेमिनार आहे, फी १८ हजार, आजच बुक केलं तर १२. जाऊ का? आणि ताई खरं सांगा, ही पुस्तकं वाचून खरंच यश मिळतं का, का मीच कुठेतरी कमी पडतोय? रात्री आडवं झालं की हेच डोक्यात फिरतं."

तर आधी सेमिनारचं, कारण त्याला तारीख आहे, बाकी कशालाच नाही. जाऊ नकोस. 'आजच बुक केलं तर १२' असं जो म्हणतो त्याला तुझ्या यशापेक्षा त्याच्या हॉलच्या भाड्याची काळजी आहे, मी कांदेसुद्धा असल्या घाईत घेत नाही. १८ हजार म्हणजे तुझी वीस दिवसांची मेहनत झाली, आणि बारा म्हटलं तरी तेरा-चौदा दिवसांची. बरं ते पैसे भरून तिथे जे ऐकशील ते तुझ्याकडे ऑलरेडी ४६ वेळा छापील आहे. फरक इतकाच की तिथे गाणी लावतात आणि शेजारच्याला टाळी द्यायला लावतात. झालं, हा विषय संपला.

आता खऱ्या प्रश्नाकडे येते, आणि त्यासाठी मला माझं थोडं सांगावं लागेल. मी २२ वर्षं सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या वाचनालयात काउंटरला होते. पुस्तक परत आलं की नुसतं ठेवून द्यायचं नसतं, पानं चाळायची, कुठे फाटलंय का, कोणी पेनाने रेघोट्या मारल्यात का, आत काही राहिलंय का. एसटीची तिकिटं निघायची, लाईट बिल निघायचं, एकदा तर अंगाऱ्याची पुडी निघाली होती. आणि हे चाळता चाळता माझ्या लक्षात आलं की यश कसं मिळवावं टाईपच्या पुस्तकांचं एक ठरलेलं असतं. पहिली तीस-चाळीस पानं हाताळून हाताळून मऊ झालेली, कोपरे दुमडलेले, पेन्सिलीच्या रेघा, समासात 'वा!!' आणि 'हे करायचंच', आणि मग एकदम पानं कोरी. कडक, पांढरी, काही तर प्रेसमधनं आली तशी एकमेकांना चिकटलेली. म्हणजे बघ, मागच्या तारखेच्या चिठ्ठीवर पंधरा-वीस शिक्के, एवढ्या लोकांनी पुस्तक नेलं, आणि जवळजवळ सगळे एकाच ठिकाणी थांबले. ही काही वाईट पुस्तकं होती असं नाही, कादंबरी आवडली नाही तर लोक पाचव्या पानावर सोडतात, चाळीस पानं अगदी मन लावून वाचून कोणी सोडत नाही. मला वाटतं तिथवर येईपर्यंत त्यांना जे हवं होतं ते मिळालेलं असायचं.

उलट आमच्याकडे मोटार रिवाइंडिंगचं एक पुस्तक होतं, बारीक, वाईट छपाईचं, त्याच्या शेवटच्या पानापर्यंत ग्रीसचे अंगठे. एका पानावर तर तांब्याच्या तारेचं बारीक भेंडोळं सापडलं होतं. ते पुस्तक शेवटी एकाने नेलं ते परत आणलंच नाही, दंडही भरला नाही, चार पत्रं पाठवली मी त्याला.

तू गावाकडचा आहेस, तुला उचल माहितीये. ऊसतोडीला जायच्या आधी मुकादम येतो, नवरा-बायकोच्या कोयत्याला रोख उचल देतो, पैसे आधी हातात आणि काम मागाहून. ही जी पुस्तकं आहेत ना ती अशीच उचल देतात. रात्री वीस पानं वाचली की छातीत एक भरल्यासारखं होतं, उद्यापासून आपण वेगळे, गाळा दिसायला लागतो, गाळ्यावरची पाटी दिसते, पाटीवरचा फॉन्टसुद्धा ठरतो (खरं सांग, ठरलाय ना?). हा जो आनंद आहे तो यश मिळाल्यानंतरचा आनंद आहे, तू तो आधीच उचललास. फक्त ऊसतोडीत मुकादम फडावर उभा राहून उचल वसूल करून घेतो, इथे कोणीच येत नाही वसुलीला. आणि उचल संपली की तू काय करतोस? सत्तेचाळिसावं पुस्तक घेतोस.

हे मी नुसतं काउंटरवर बसून म्हणत नाहीये. गाब्रिएल ओटिंगेन नावाच्या एक जर्मन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी बरीच वर्षं हाच विषय धरलाय. त्यांच्या २००२ साली छापून आलेल्या एका अभ्यासात नोकरी शोधणारी जर्मनीतली ८३ पदवीधर पोरं-पोरी होती, त्यांना विचारलं की चांगली नोकरी लागल्याची स्वप्नं किती वेळा रंगवता, आणि मग दोन वर्षांनी परत विचारलं काय झालं. ज्यांनी जास्त वेळा अशी गोड स्वप्नं रंगवली होती त्यांनी अर्ज कमी केले होते, ऑफर कमी आल्या होत्या, पगारही कमी होते. पण त्यातच एक बारीक गोष्ट होती जी लोक सांगायला विसरतात. ज्यांना मनापासून वाटत होतं की मला नोकरी लागेल, म्हणजे स्वप्न नाही, अंदाज, आपला मागचा अनुभव बघून बांधलेला, त्यांचं मात्र चांगलं झालं होतं. तुझ्या भाषेत सांगायचं तर पीस बघून 'हा मी चार मिनिटांत काढीन' असं जे तू म्हणतोस ना, ते वेगळं, आणि गाळ्याच्या पाटीचं स्वप्न वेगळं. पहिल्यामागे तू केलेलं काम आहे.

आरशाचंही तेच. 'मी यशस्वी उद्योजक आहे' हे ११ वेळा म्हणताना तुझ्या आतून कोणीतरी बाराव्यांदा म्हणत असणार की नाहीयेस रे. कॅनडातल्या जोअन वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली हे तपासलं होतं, लोकांना चार मिनिटं मनातलं लिहायला बसवलं आणि त्यातल्या काहींना सांगितलं की दर १५ सेकंदांनी घंटी वाजेल तेव्हा 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' असं स्वतःशी म्हणायचं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच चांगलं होतं त्यांना किंचित बरं वाटलं. ज्यांचं वाईट होतं, म्हणजे ज्यांना ह्या औषधाची खरी गरज, त्यांना ते म्हणून आणखी वाईट वाटलं. तेव्हा आरशासमोर दाढी कर, बाकी काही म्हणू नको.

आणि ते २१ दिवस. ह्याच्यावर मला थोडं जास्त बोलायचंय कारण ह्या आकड्याने तुला सहा वेळा नापास केलंय. हा आकडा आला कुठून माहितीये? मॅक्सवेल माल्ट्झ नावाचा एक अमेरिकन प्लास्टिक सर्जन होता. त्याने १९६० साली पुस्तक लिहिलं, त्यात त्याचं निरीक्षण होतं की नाकाचं वगैरे ऑपरेशन केल्यावर पेशंटला आरशातल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी साधारण २१ दिवस लागतात. कमीत कमी, साधारण आणि नाकाची! पुढे एकाचं बघून दुसऱ्याने लिहिता लिहिता 'कमीत कमी' गळालं, 'साधारण' गळालं, नाकही गळालं आणि उरलं काय तर २१ दिवसांत कुठलीही सवय. नंतर लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि मंडळींनी ९६ लोकांवर खरोखर मोजलं, जेवणाबरोबर फळ खाणं, थोडं पळणं असल्या साध्या सवयी, तर मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, आणि माणसामाणसांत फरक केवढा, अंदाजे १८ पासून २५४ पर्यंत. आणि तुझ्या कामाची गोष्ट ही की मधला एखादा दिवस चुकला म्हणून फारसं काही बिघडत नव्हतं. तू सतराव्या दिवसापर्यंत गेलास, सेकंड शिफ्ट लागली, एक दिवस राहिला आणि तू पाटी पुसून पुन्हा एकपासून सुरू केलंस, कारण पुस्तकाने साखळी तुटू देऊ नका म्हणून दम भरला होता. अरे साखळी कसली, रात्री साडेअकराला मशीन सोडून रूमवर येणारा माणूस पहाटे पाचला कशाला उठेल? ज्याने लिहिलंय त्याला शिफ्ट नसते.

मग लोक म्हणतात, पण अमुक इतका मोठा झाला तो ह्याच नियमांनी झाला ना? आमच्या भागात पाणाडे असायचे, अजून आहेत. तळहातावर नारळ घेऊन नाहीतर वाय आकाराची फांदी धरून शेतात फिरायचे, नारळ उभा राहिला की इथे बोअर मारा. आमच्या गावच्या पाण्याड्याचं नाव पाच गावांत होतं, कारण ज्याच्या बोअरला पाणी लागलं तो पेढे घेऊन यायचा आणि एसटी स्टँडवर चार लोकांना सांगायचा. ज्यांची कोरडी गेली ते कर्ज फेडत गप घरात. कोरड्या बोअरची यादी कोणीच ठेवली नाही. आता नेपोलियन हिल बघ, १९३७ चं त्यांचं श्रीमंतीचं पुस्तक तुझ्या ४६ मध्ये नक्की असणार, नसलं तर त्याची नक्कल केलेली दहा असणार. म्हणे पाचशेच्या वर यशस्वी माणसांचा अभ्यास केला, आणि हे काम त्यांना १९०८ मध्ये पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगींनी दिलं. पुस्तक आलं तेव्हा कार्नेगींना जाऊन १८ वर्षं झाली होती आणि ती भेट झाल्याचा हिलसाहेबांच्या शब्दापलीकडे पुरावा नाही. ते एक सोडून दे, भेटले असतील नसतील. पण ५०० यशस्वी लोकांना विचारलंत, मग तेवढ्याच जिद्दीने पहाटे उठून, तेवढेच गोल लिहून जे बुडाले त्यांना कोणी विचारलं का? ते पेढे घेऊन आले नाहीत.

ह्यात सगळ्यात वाईट जे आहे ते तू पत्राच्या शेवटी लिहिलंयस, 'का मीच कमी पडतोय'. हे वाक्य तुझं नाहीये, हे त्या पुस्तकांनी तुझ्या तोंडात घातलंय. त्यांची मांडणीच अशी असते, जमलं तर पुस्तकाची पुण्याई आणि नाही जमलं तर तुमची इच्छा तीव्र नव्हती, तुमचा विश्वास शंभर टक्के नव्हता. टॉनिकवाल्याने म्हणावं की फरक नाही पडला तर तुम्ही श्रद्धेने प्यायला नाहीत. गाळ्याचं डिपॉझिट, सेकंडहँड मशीनची किंमत, बँकेला लागणारं तारण, बापाच्या नावावरची जमीन, सेकंड शिफ्ट, ह्यातलं काही पुस्तकात नसतंच, तिथे फक्त तू आणि तुझी मानसिकता. मग सगळा दोष मानसिकतेलाच जाणार ना. (आणि ते रात्रीचं विचार फिरणं, महिना-महिना झोप नसेल, जेवण जात नसेल, कशातच मन लागत नसेल तर डॉक्टरला दाखव, नाहीतर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. त्यात लाजायचं काही नाही.)

भावाचं बघ. त्याने पुस्तक वाचलं नाही म्हणून त्याचं चाललं असं तुझ्या बायकोला वाटतंय, तसं नाहीये. पैजेवर सांगते, तो रोपवाटिका टाकायच्या आधी कुठल्यातरी दुसऱ्याच्या रोपवाटिकेत जाऊन उभा राहिला असणार, ट्रेला किती भाव, कोकोपीट कुठून आणता, मर किती होते, उधारी किती राहते हे विचारलं असणार. विचार त्याला फोन करून. ४६ पुस्तकांत जे नव्हतं ते त्याने तिथे बांधावर ऐकलं. आणि त्याच्याकडे शेत होतं हेही विसरू नको, तुला भोसरीत गाळ्याचं भाडं भरायचंय. भावाभावात तुलना करायची तर सगळा हिशोब मांडून करावी.

पण म्हणून पुस्तकं फेकून दे म्हणणारी मी नव्हे, माझा पगार त्यांच्यावर झालाय.

ह्या सगळ्या प्रकाराला ज्या पुस्तकाने नाव दिलं ते 'सेल्फ-हेल्प', सॅम्युअल स्माइल्स ह्या स्कॉटिश माणसाचं, १८५९ चं. डॉक्टरकी शिकलेला, मग पत्रकार. त्याने प्रस्तावनेत सांगितलंय की पुस्तक आलं कशातून, तर इंग्लंडच्या लीड्स शहरात दोन-तीन अगदी गरीब कामगार पोरं होती, ती हिवाळ्यात संध्याकाळी एकाच्या घरी जमायची, ज्याला जे येतं ते दुसऱ्याला शिकवायची, वाचन, लेखन, गणित. पोरं वाढली, घर पुरेना, उन्हाळ्यात बागेतल्या झोपडीबाहेर उघड्यावर बसायचे, मग थंडी पडल्यावर त्यांनी एक खोली भाड्याने घेतली जी आधी कॉलऱ्याचा तात्पुरता दवाखाना होती, म्हणून ती कोणी घेत नव्हतं! पुढे जवळपास शंभर जण झाले, भूगोल, केमिस्ट्रीपर्यंत गेले, आणि मग त्यांनी स्माइल्सला बोलावलं की आमच्याशी चार शब्द बोला. त्याची भाषणं झाली आणि त्याचं पुढे पुस्तक झालं. मला हे फार आवडतं. कारण क्रम बघ, पोरं आधी गणित करत होती, मोटिव्हेशनचं भाषण शेवटी आलं. आपण उलटं करतो, भाषण ऐकत बसतो आणि गणिताची वही उघडतच नाही.

आणि खरंच उपयोगी पडलेली पुस्तकंही आहेत. अमेरिकेत फॉरेस्ट स्कोगिन वगैरे मंडळींनी १९८० च्या दशकापासून प्रयोग केले, डिप्रेशन असलेल्या लोकांना, त्यात म्हातारी माणसंही होती, डेव्हिड बर्न्स ह्या डॉक्टरचं पुस्तक वाचायला दिलं, चार आठवडे. बऱ्याच जणांना चांगला फरक पडला. पण ते पुस्तक कसलं, तर पानोपानी गृहपाठ, आज मनात काय विचार आला तो लिहा, तो कितपत खरा आहे ते समोरच्या रकान्यात लिहा. आणि दर आठवड्याला त्यांना फोन जायचा, किती वाचलं, गृहपाठ केला का. म्हणजे पेन्सिल होती आणि वसुलीला मुकादम पण होता. असं असेल तर पुस्तक काम करतं की. तुझ्या ४६ पैकी किती पुस्तकांतला एक तरी स्वाध्याय तू पूर्ण केलास? मोजून बघ, मला कळवू नको.

आता तुझ्या गाळ्याचं. माझा एक भाचा त्याच लाईनमध्ये आहे, दोन मशीनचा मालक, त्याला तुझं पत्र नाव न सांगता वाचून दाखवलं. तो आधी हसला (राग मानू नको, तो स्वतःवरच हसला, त्याच्याकडेही ढीग आहे) आणि मग म्हणाला मामी, सेटर आहे ना तो, मग त्याच्या हातात अर्धा धंदा आहे, पण त्याला विचारा की पहिला जॉब कोण देणार ते माहितीये का. बस, एवढंच विचारलं त्याने. मशीन कुठलं, गाळा किती मोठा हे नंतर. तो सांगत होता की नवी पोरं मशीन घेऊन बसतात आणि मग काम शोधत फिरतात, हप्ता पहिल्या महिन्यापासून चालू. दुसरं त्याने सांगितलं पेमेंटचं. छोट्या उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं असं २००६ च्या एमएसएमई कायद्यात आहे, पण तो म्हणतो त्याला तीन-तीन महिने थांबावं लागतं आणि मोठ्या कंपनीवर कायदा दाखवायला गेलं की पुढची ऑर्डर येत नाही. तोपर्यंत लाईट बिल, ऑपरेटरचा पगार, इन्सर्ट, कुलंट सगळं स्वतःच्या खिशातनं. हे तुझ्या कुठल्याच डायरीत नाहीये बघ, डायरीत 'गाळा' आहे, 'तीन महिन्यांचा खर्च' नाहीये.

तर मी तुला जे सांगतेय ते इतकं छोटं आहे की तुला हसू येईल. भोसरीत तू रोज ज्या गल्ल्यांतून जातोस तिथे किती जॉबवर्कवाले आहेत. पुढच्या सुट्टीच्या दिवशी त्यातल्या एकाकडे जा. एकाकडे, दहा नाही. आणि ते असं डायरीत 'मार्केट रिसर्च करणे' म्हणून लिहू नको, असं लिही की, 'गुरुवारी सुट्टी आहे, अकरा वाजता चहा झाला की टपरीवरनं सरळ अमुक शेडमध्ये जायचं आणि तासाचा रेट काय लावता आणि पहिला जॉब कसा मिळाला हे विचारायचं.' हे असं 'अमुक झालं की मी तमुक करीन' लिहिण्यात जादू नाही पण थोडा दम आहे. पीटर गोलवित्झर म्हणून आहेत (वर त्या ओटिंगेनबाई आल्या ना, त्यांचे हे मिस्टर, घरात काय बोलत असतील देव जाणे), त्यांनी कॉलेजच्या पोरांना नाताळच्या सुट्टीत एक रिपोर्ट दोन दिवसांत लिहून पाठवायला सांगितलं. ज्यांनी कुठे बसून, कधी लिहिणार हे आधी लिहून दिलं त्यांच्यातल्या साधारण चारातल्या तिघांनी पाठवला, नुसतं हो म्हटलेल्यांत तिघातल्या एकाने. इच्छा सगळ्यांचीच होती.

आणि ओटिंगेनबाईंचं पुढचं सांगणं पण तुझ्या कामाचं आहे, की स्वप्न रंगवायचंच तर रंगव पण लगेच त्याच्या खाली लिही की माझ्या आत असं काय आहे जे मला अडवतंय. तुझं मी सांगू? तू सुट्टीच्या दिवशी कोणाच्या शेडमध्ये शिरून विचारायला लाजतोस. 'हा कोण आला, आपल्याच लाईनचा, उद्या कॉम्पिटिशन करणार' असं तो म्हणेल ही भीती. पुस्तक वाचताना कोणी असं म्हणत नाही, म्हणून तू पुस्तक वाचतोस. चुकत असेन तर सोडून दे. पण भाचा म्हणाला की त्याच्याकडे वर्षात कोणी असं विचारायला येत नाही, आणि कोणी आलं तर तो तासभर बोलेल, कारण घरी त्याचं कोण ऐकतंय. सात-आठ जणांकडे जाऊन झालं, कोणीतरी म्हणालं की मी तुला रात्रीचे चार पीस देतो, की मग जिल्हा उद्योग केंद्रात जा. तिथे मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे, शहर की गाव आणि तुझा प्रवर्ग बघून १५ ते ३५ टक्के अनुदान असतं, आत्ताच्या अटी तिथेच विचार. छोट्या उद्योगाची सरकारी उद्यम नोंदणी ऑनलाईन आहे आणि फुकट आहे, त्याचे पैसे मागणारा एजंट भेटेलच, देऊ नको.

चार महिन्यांनी असंही निघेल की हा धंदा आपल्याला झेपणारा नाही, सेटरचा प्रोग्रामर होऊन पगार वाढवणं जास्त बरं. निघालं तर निघालं. ते कोरड्या बोअरच्या आधी कळलेलं बरं, आणि त्याला अपयश म्हणायला पुस्तकवाले येतील, त्यांना येऊ दे.

बायकोने विचारलंय कोण मालक झालंय पुस्तकं वाचून, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. तिला वाद घालून पटवायला जाऊ नको. तिला वही दे आणि म्हण की दर गुरुवारी रात्री मला विचार, गेलास का, काय म्हणाला तो. तिचा आवाज चांगला खणखणीत आहे असं तुझ्या पत्रावरून वाटतंय, मुकादम म्हणून उत्तम आहे. आणि सेमिनारचे वाचलेले १२ हजार तिच्याच ताब्यात ठेव, गाळ्याच्या डिपॉझिटच्या नावाने.

त्या ४६ पुस्तकांचं काय करू असं तू विचारलं नाहीस पण मनात येईल. त्यातली गृहपाठवाली दोन-तीन निवडून ठेव. बाकीची वाचनालयाला द्यायचा विचार असेल तर आधीच सांगते, फुटपाथवरच्या त्या झेरॉक्स कॉप्या आम्ही दाखल करून घेत नसू, त्यांच्यात मधली सोळा-सोळा पानं गायब असतात. तुला माहीत नसेल, तू तिथवर गेला नसशील.